दुमडत्या टपाची हौस

‘अगं, नुसती बघून तर येऊ,’ असं आमचे हे म्हणाले तेव्हाच माझ्या पोटात गोळा आला. साडी ‘नुसती बघायला’ गेलेल्या बाईला या वाक्याचा अर्थ बरोब्बर कळतो!

गाडी मॉरिस मायनर, पन्नासच्या दशकातली, मागे दुमडणाऱ्या कापडी टपाची. इसिगोनिस नावाच्या अभियंत्यानं ती आखली, १९४८ साली इंग्लंडात ती पहिल्यांदा आली, हा सगळा इतिहास वाटेत सांगून झाला. किंमत मात्र परत येताना कळली. आणि ती लेकीच्या शिक्षणासाठी ठेवलेली मुदतठेव मोडून द्यायची, हे जेवणं झाल्यावर.

मी बचत गटाचं काम करते. म्हशीसाठी कर्ज मागणाऱ्या बाईला आम्ही विचारतो, म्हशीचं ठीक आहे, पण पेंडीचं काय? तोच प्रश्न मी घरात विचारला, तर मला म्हणे हौसच नाही! मैत्रिणींनो, पुरुषाचा तो छंद आणि बाईची ती उधळपट्टी, हा हिशोब कोणी मांडला? गाडीला माझा विरोध नाही. खरं सांगायचं तर ती मलाही आवडलीय. माझा विरोध आहे तो न विचारता मोडायच्या ठेवीला.

म्हणून ओळखीच्या एका जुन्या मिस्त्रींना घेऊन पुन्हा गेलो. ‘वहिनी, तुम्ही आत बसा,’ ते म्हणाले. मी बसले आणि मघाशी सहज लागणारं दार अडकायला लागलं. (माझ्या वजनावर ह्यांनी केलेला विनोद इथे देत नाही.) बंद गाडीला छपराचा आधार असतो. इथे छप्परच नाही, त्यामुळे सगळा ताण तळाच्या पत्र्यावर आणि दाराखालच्या उंबऱ्यावर. तो आतून गंजला, की गाडी मधोमध खचते आणि दाराची फट बदलते. वरून पुट्टी भरून रंग मारला तर डोळ्यांना काही कळत नाही. लोहचुंबक लावला की कळतं, पुट्टीवर तो चिकटत नाही. बंद गाडीचं छप्पर कापून ‘उघडी’ म्हणून विकणारेही असतात. मिस्त्रींचं म्हणणं, इंजिन बंद असलं तरी चालेल, ते उतरवून करता येतं. पैसा खातं ते पत्र्याचं काम, आणि टपाची शिवण.

कागदांचंही आहेच. २०२१ च्या केंद्राच्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपातली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते, नव्या नोंदणीला २० हजार रुपये. पण मग ती प्रदर्शनाला, रॅलीला, पेट्रोल भरायला नि दुरुस्तीला तेवढी बाहेर काढायची. म्हणजे मंडईत न्यायची नाही! हे ऐकून ह्यांचा चेहरा जरा उतरलाच.

माझी अट मी वहीत लिहून दिलीय. ठेवीला हात नाही. वेगळं खातं, दरमहा दोघांनी ठरवलेली रक्कम, आणि जमेल तेवढंच काम, मग चार वर्षं लागोत. ह्यांनी दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी वहीत खाली सही दिसली.

येत्या रविवारी पुन्हा जातोय, या वेळी गाडी जॅकवर उचलून बघायची आहे. पिशवीत लोहचुंबक ठेवलाय, आणि दाराची फट मोजायला माझी शिवणाची टेप.