बॅटरीची हमी महिन्यांत का मोजायची?



बॅटरी विकत घेताना आपण दुकानदाराला पहिला प्रश्न विचारतो तो 'गॅरंटी किती महिन्यांची?' हा. तो म्हणतो, 'अठरा महिने', आपण मान डोलावतो, आणि शिक्का मारलेला एक कागद घरी आणून कपाटात ठेवतो. आता असे समजा की तुम्ही बाजारात पाण्याचा हंडा घ्यायला गेलात आणि तांबट म्हणाला, 'हा हंडा अठरा महिने हंडाच राहील.' तुम्ही लगेच विचाराल, 'अहो, पण यात पाणी किती मावते?' बॅटरीच्या बाबतीत मात्र हा प्रश्न कोणी विचारत नाही. बॅटरी हेही एक भांडेच. (तीत वीज साठते असे आपण बोलतो. खरे म्हणजे साठते ती रासायनिक ऊर्जा, पण ते असो.) भांड्याची हमी केवळ महिन्यांत देणे आणि घेणे हे विज्ञानाला धरून नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

हा विषय शहरी माणसांचा, असे मनात आणू नका. भीमेच्या काठी आमचे वडगाव रासाई आहे. अलीकडे शिरूर तालुका, नदी ओलांडली की दौंड तालुका, आणि दोन्ही तीरांवर ऊस. येथे घराघरांत इन्व्हर्टरची बॅटरी आहे, ट्रॅक्टरची आहे, पाठीवरच्या फवारणी पंपाची आहे. रात्रीच्या पाळीला उसाला पाणी धरायला जाणाऱ्याच्या हातात विजेरी असते, आणि बिबट्याच्या या मुलखात ती ऐन वेळी मंदावली तर काय वाटते, ते त्यालाच विचारावे. आता यात संकरित मोटारींची, म्हणजे हायब्रिड गाड्यांची भर पडली आहे. प्रियस ही गाडी जपानमध्ये १९९७ साली विक्रीला आली आणि भारतात २०१० साली. त्याच वर्षी पुण्याच्या केपीआयटी कमिन्स या कंपनीने भारत फोर्जच्या सहकार्याने साध्या मोटारीला मागाहून मोटर आणि बॅटरी जोडून ती संकरित करण्याची 'रेवोलो' नावाची योजना जाहीर केली होती. ती घरोघरी पोचली नाही; पण अशा जोडणीसाठी केंद्र सरकारने २०१६ साली मोटार वाहन नियमांत तरतूद केली. आज जुन्या झालेल्या संकरित गाड्या हातोहात विकल्या जातात. त्यांची मूळ बॅटरी थकली की कंपनीची नवी बॅटरी परवडत नाही, म्हणून लोक बाहेरच्या दुकानातून पर्यायी बॅटरी बसवून घेतात. खरा घोटाळा तेथे सुरू होतो.

आधी ही बॅटरी आतून कशी असते ते पाहू. २००३ साली आलेल्या दुसऱ्या पिढीच्या प्रियसचे उदाहरण घ्या. तिच्यात निकेल-धातू-हायड्राइड जातीचे घट असतात. एका घटाचे विभवांतर १.२ व्होल्ट. असे ६ घट एका डबीत, आणि अशा २८ डब्या एकसरीत. म्हणजे १६८ घट आणि २०१.६ व्होल्ट. धारकता ६.५ ॲंपिअर-तास. दोन्हींचा गुणाकार करा. सुमारे १३१० वॅट-तास येतात. म्हणजे सव्वा युनिटाहून थोडीशी अधिक! एक हजार वॅटची शेगडी यावर सव्वा तासाच्या थोडी पुढे जाईल. एवढ्याशा भांड्यातून चढावर शक्ती काढायची आणि ब्रेक दाबताच ती परत भरायची, असा दिवसभर खेळ चालतो. गाडीतला नियंत्रक दोन-दोन डब्यांच्या १४ जोड्या करून प्रत्येकीच्या विभवांतरावर नजर ठेवतो. एखादी जोडी फार मागे पडली की चालकापुढे तांबडा दिवा लागतो.

एकसरीची गोम ध्यानात घ्या. पूर्वी आमच्याकडे लाकडी नांगराला सहा-सहा, आठ-आठ बैल जुंपत. त्यातला एखादा बैल थकला तर तो केवळ आपला वाटा ओढीत नाही एवढेच नव्हे, बाकीचे त्यालाही ओढत नेतात. एकसरीतला कमजोर घट असाच असतो. सर्व घटांतून प्रवाह सारखाच वाहतो, त्याला 'थोडा विसावा घे' असे सांगता येत नाही. त्याची साठवण आधी संपते, आणि तरीही शेजारी त्याच्यातून प्रवाह ढकलीतच राहतात. मग त्याची ध्रुवता उलटते, तो तापतो आणि कायमचा निकामी होतो.

आमच्या गावातल्या एका वाहनचालकाची गोष्ट सांगतो. कर्ज काढून घेतलेली जुनी संकरित गाडी तो भाड्याने चालवी. मूळ बॅटरी गेल्यावर त्याने एका दुकानातून 'नव्यासारखी' बॅटरी बसवून घेतली. हमी एक वर्षाची. आठव्या महिन्यात तांबडा दिवा लागला. दुकानदाराने बॅटरी उघडून प्रत्येक डबीला मीटर लावले, सगळ्या डब्या सारख्याच निघाल्या. 'बॅटरी चांगली आहे, तुमच्या गाडीतच दोष आहे,' असे म्हणून त्याने दिवा विझवून दिला. चार दिवसांनी तो पुन्हा लागला. मग दुकानदाराने बॅटरी थंड ठेवणाऱ्या पंख्याची जाळी काढून दाखवली. ती धूळ आणि पाचटाच्या तुसाने गच्च बुजली होती. 'हमी रद्द,' तो म्हणाला. आठवडाभर गाडी दारात उभी. हप्ता मात्र थांबत नाही.

दुकानदार खोटे बोलत होता का? मला तसे वाटत नाही. त्याने मोजले ते खरेच होते, पण प्रश्न चुकीचा होता. स्वस्थ बसलेल्या बैलांकडे पाहून कोणता थकलेला आहे, ते कसे कळणार? घटाला अंतर्गत रोध असतो, आणि प्रवाह वाहू लागला की प्रवाह गुणिले रोध एवढे विभवांतर आतल्या आत खर्च होते. समजा चांगल्या डबीचा अंतर्गत रोध ०.०२ ओहम आणि थकलेल्या डबीचा ०.०६ ओहम आहे. मोकळ्या असताना दोन्ही ७.९ व्होल्ट दाखवतील. आता ५० ॲंपिअर प्रवाह घ्या. पहिली १ व्होल्टने उतरून ६.९ वर येईल, दुसरी ३ व्होल्टने उतरून ४.९ वर. उष्णतेचे गणित त्याहून बोलके आहे. पहिलीत ५० वॅट उष्णता निर्माण होईल, दुसरीत १५० वॅट. बंद पेटीत, बुजलेल्या जाळीआड!

म्हणून आम्ही दुसऱ्या एका कारागिराकडून गाडीच्या नियंत्रकाला वाचनयंत्र जोडून घेतले आणि गाडी चालती ठेवून जोड्यांचे आकडे उतरवले. स्वस्थ असताना चौदाही जोड्या १५.८ व्होल्टच्या आसपास. चढावर तेरा जोड्या १५ च्या आगेमागे आणि एक जोडी १३ च्या खाली. यात एक बारकावा आहे, तो शिक्षकांनी वर्गात अवश्य सांगावा. एखाद्या जोडीतला एक घट आतून जोडला जाऊन मेला असेल तर तिची तूट साधारण १.२ व्होल्ट असते आणि ती स्वस्थ असतानाही दिसते. तूट प्रवाहाबरोबर वाढत असेल, तर दोष अंतर्गत रोधाचा किंवा गंजलेल्या सांध्याचा. येथे तूट वाढत होती. सांधे घासून पुन्हा आवळले तरी आकडे तेच राहिले.

मग धुळीचे काय? धूळ खरीच होती आणि ती साफ ठेवणे चालकाचे काम होते, हे मी त्यालाही सांगितले. परंतु केवळ धुळीने बॅटरी गेली असती, तर पेटीच्या मध्यभागी, जेथे उष्णता सर्वांत अधिक कोंडते, तेथल्या शेजारशेजारच्या जोड्या एकदम ढासळल्या असत्या. येथे एकटी एकच ढासळली होती; तिच्या दोन्ही बाजूंच्या जोड्या ठणठणीत होत्या. डब्यांवरच्या छापील खुणा पाहिल्या तेव्हा उलगडा झाला. या जोडीतल्या डब्या बाकीच्यांहून वेगळ्या खेपेच्या होत्या. म्हणजे दोन जुन्या बॅटऱ्यांतून निवडून एक बॅटरी जुळवलेली होती. आकड्यांचा कागद पुढे ठेवल्यावर दुकानदार ती जोडी बदलून द्यायला तयार झाला. मजुरी मात्र त्याने चालकाकडूनच घेतली. माझ्या मते तीही त्याने सोसायला हवी होती.

जुन्या डब्या वापरण्याला माझा विरोध नाही. उलट, सुस्थितीतली डबी भंगारात घालण्यापेक्षा पुन्हा कामाला लावणे केव्हाही चांगले. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांतही बॅटरी नीट करून पुन्हा वापरण्याला स्थान आहे. पण शेतकरी बैलाचा जोड मिळवताना दात पाहतो, खांदा पाहतो, चाल पाहतो. डब्यांचा जोडही धारकता आणि अंतर्गत रोध मोजूनच मिळवला पाहिजे, आणि ग्राहकाला तसे लिहून दिले पाहिजे. एक कमजोर डबी काढून तिच्या जागी कोठलीतरी दुसरी घातली की दिवा विझतो. दोन महिन्यांनी दुसरी कोठली तरी ढासळते. याला दुरुस्ती म्हणू नये.

तेव्हा हमीपत्रावर महिने असू द्यात, पण त्यांच्या आधी आकडे हवेत. विक्रीच्या दिवशी धारकता किती ॲंपिअर-तास भरली, ती किती प्रवाहाने आणि किती तापमानाला मोजली, कितीवर उतरली म्हणजे बॅटरी निकामी समजायची, डब्या नव्या की वापरलेल्या, जाळी किती दिवसांनी साफ करायची आणि बदलीची मजुरी कोणाची. तुम्ही म्हणाल, एवढे मोजायला दुकानदाराला वेळ लागेल आणि किंमत वाढेल. वाढेल थोडी. पण आज तो खर्च टळलेला नाही. तो फक्त ग्राहकाच्या अंगावर ढकललेला आहे.

ग्राहकाने संघटितपणे जाब विचारायचा, ही चाल पुण्याला नवी नाही. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यातच ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले. ग्राहक संरक्षणाचा कायदा १९८६ साली आला; आता त्या जागी २०१९ चा कायदा आहे. या कायद्याप्रमाणे तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे करता येते, दुकान कोठेही असो. मात्र ती दोन वर्षांच्या आत करावी लागते. मोजल्यावाचून दोष ठरत नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. व्यापारासाठी घेतलेल्या वस्तूला हे संरक्षण नाही, परंतु स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगार म्हणून घेतलेल्या वस्तूला आहे. आमच्या चालकासारख्यांना हे ठाऊक असावे. तक्रारीसोबत तुम्ही जी वही जोडाल तिच्यात तारीख, प्रवाह आणि विभवांतर लिहिलेले असेल, तर तिचे वजन 'बॅटरी बेकार आहे' या वाक्यापेक्षा कितीतरी अधिक पडेल.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती आहे. अंतर्गत रोधाचा प्रयोग आपण गुणांपुरता करून घेतो. नव्याकोऱ्या घटावर तो केला की उत्तर पुस्तकातल्यासारखे येते आणि वही बंद होते. त्यापेक्षा मुलांना घरातले उतरलेले सेल आणायला सांगा.

गाडीच्या बॅटरीला मात्र मुलांनी हात लावायचा नाही. दोनशे व्होल्टचा एकदिश प्रवाह जीव घेतो. ती पेटी शिकलेल्या कारागिरानेच, रोधक हातमोजे घालून उघडायची. आपण विजेरीचे तीन सेल घेऊ, दोन नवे आणि एक उतरलेला. सोबत १० ओहमचा, ५ वॅटचा एक रोध आणि एक मल्टिमीटर. आधी प्रत्येक सेल मोकळा मोजा. मग तिन्ही एकसरीत रोधाला जोडा आणि प्रवाह वाहत असताना प्रत्येकाच्या टोकांमधले विभवांतर पुन्हा मोजा. समजा नवे सेल १.५ व्होल्टचे, अंतर्गत रोध ०.३ ओहम, जुना सेल १.२ व्होल्टचा, अंतर्गत रोध ५ ओहम. एकूण ४.२ व्होल्ट, एकूण रोध १५.६ ओहम, प्रवाह ०.२७ ॲंपिअर. जुन्या सेलच्या आत खर्च होणारे विभवांतर १.३५ व्होल्ट, म्हणजे त्याच्या स्वतःच्या १.२ पेक्षा जास्त! मीटरचा आकडा शून्याच्या पलीकडे, उणे ०.१५ वर जाईल. आता तो सेल काढून फक्त दोन नवे सेल जोडा. ३ भागिले १०.६, म्हणजे ०.२८ ॲंपिअर. तीन सेलांपेक्षा दोन सेल अधिक प्रवाह देतात! तुमच्या सेलांचे आकडे वेगळे येतील, ते वेगळेच यायला हवेत. जोडणी एका मिनिटाहून अधिक ठेवू नका, रोध तापतो. पुन्हा भरता येणारे लिथियमचे सेल या प्रयोगाला घेऊ नका, आणि उतरलेला सेल नव्यांच्या जोडीने परत विजेरीत घालू नका.