दुःखाच्या घरचे हसू

सेवाग्रामच्या बापूकुटीत पाऊल ठेवणारा माणूस आपोआप आवाज खाली आणतो. ते योग्यच आहे. पण ज्यांच्यासाठी आपण गंभीर होतो, ते गांधीजी स्वतः मनमोकळे हसणारे होते. विनोदबुद्धी नसती तर आपण केव्हाच आत्महत्या केली असती, अशा अर्थाचे त्यांनी १९२१ साली ‘यंग इंडिया’त लिहिले होते. वर्धा जिल्ह्यात राहणाऱ्या माझ्यासारख्याला यातला ‘आत्महत्या’ हा शब्द नुसता बोलण्याचा भाग म्हणून वाचता येत नाही.

२००६ सालच्या दोन तारखा पाहा. १ जुलैला पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. त्या सहांत वर्धा होता. बरोबर दोन महिन्यांनी, १ सप्टेंबरला, नागपूरच्या राजकुमार हिराणींचा ‘लगे रहो मुन्नाभाई’ पडद्यावर आला. गुंडाला गांधी दिसू लागतात आणि थिएटर खदखदून हसते! गांधीजींची भूमिका केली होती दूरदर्शनवरच्या आपल्या ‘चिमणरावां’नी, दिलीप प्रभावळकरांनी.

त्या चित्रपटात पेन्शनसाठी हेलपाटे घालणारा एक वृद्ध, लाच मागणाऱ्या बाबूपुढे अंगावरची एकेक वस्तू काढून ठेवतो. आपण हसतो आणि त्याच क्षणी घसा दाटतो. आधी विनोद, मग करुण, असा तिथे क्रम नाही. दोन्ही एकाच कृतीतून निघतात. बँकेत असताना मी पेन्शनरांचे हयातीचे दाखले घेत असे. एकदा एक आजोबा म्हणाले, “साहेब, मी तुमच्यापुढे उभा आहे, हे पुरेसं नाही का?” सारी शाखा हसली, तेही हसले आणि थरथरत्या हाताने सही करू लागले. हसू आणि दुःख वेगळे करून दाखवणे त्या क्षणी कोणालाच जमले नसते.

मग प्रश्न उरतो तो असा की, ज्या घरचा कर्ता गेला त्या घराच्या दुःखावर विनोदी चित्रपट काढावा काय? सतीश मनवर यांच्या ‘गाभ्रीचा पाऊस’ (२००९) या वऱ्हाडी बोलीतल्या चित्रपटाने याचे उत्तर दिले आहे. गावातल्या एका शेतकऱ्याच्या आत्महत्येनंतर अलका आपल्या नवऱ्याच्या काळजीने पोराला त्याच्या मागावर ठेवते. बाप जाईल तिथे पोरगा! बापाचा वैताग पाहून आपण हसतो. पण पोरगा मागे का आहे, हे आठवताच हसू ओठांवरच थिजते. ‘पीपली लाइव्ह’मध्ये (२०१०) हसू नत्थाचे नाही, त्याच्या दारी जमलेल्या कॅमेऱ्यांचे येते; आणि ती जत्रा चालू असताना माती खणणारा दुसरा एक शेतकरी कोणाच्या नजरेस न पडता मरून जातो.

दूरचित्रवाणीची रीत निराळी. २०१४ साली सुरू झालेल्या ‘चला हवा येऊ द्या’मध्ये धमाल विनोदानंतर पोस्टमनकाका पत्र वाचायचे. अरविंद जगतापांनी लिहिलेली आणि सागर कारंडे यांनी वाचलेली ती पत्रे ऐकून घराघरांत डोळे पुसले गेले, माझेही. तरी तिथे हसण्याची वेळ वेगळी आणि रडण्याची वेगळी. रडून झाले की मन हलके होते, आणि हलके झालेले मन पुढे काही विचारत नाही.

विचारण्यासारखे तर पुष्कळ असते. २००८ सालच्या केंद्राच्या कर्जमाफीत दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला पूर्ण माफी होती. त्याहून अधिक जमीन असलेल्याने थकबाकीचा पाऊण हिस्सा भरला, तर पाव हिस्सा माफ. म्हणजे ओलिताचे पाच एकरवाला सुटला आणि पावसाच्या भरवशावर सात एकरांत पऱ्हाटी लावणारा कास्तकार अडकला. सातबाऱ्यावरचा हा विनोद कोणा लेखकाने लिहिलेला नव्हता. नुसते डोळे भरून आले तर तो दिसत नाही. विसंगती टिपणाऱ्या नजरेलाच दिसतो.

ज्या घरावर आकाश कोसळले, त्या घराला न हसण्याचा पूर्ण हक्क आहे. तो मान्य करूनच बोलले पाहिजे. म्हणून माझी कसोटी साधी आहे: हसू कोणाचे होते? मेलेल्याचे, की त्याला मरणाच्या काठावर नेणाऱ्या व्यवहाराचे? रविवारी मुलाबाळांसह पडद्यासमोर बसाल तेव्हा एवढे जरूर पाहा. मुले हसतील, हसू द्या. नंतर एखादे पोर “तो मुलगा बाबांच्या मागे का फिरत होता?” असे विचारील, तेव्हा टीव्ही बंद करून त्याला खरे उत्तर द्या.