योग्यता एका दिवसाची की वर्षाची?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या ५६ व्या कलमान्वये योग्यता प्रमाणपत्रावाचून कोणतेही परिवहन वाहन विधिवत नोंदलेले मानले जात नाही. बाजार समितीत भाजी नेणारा टेम्पो असो वा गल्लीबोळांत ‘छोटा हत्ती’ म्हणून ओळखली जाणारी गाडी असो, ही कसोटी सर्वांनाच आहे. वाहन आठ वर्षांचे होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी, असा आजचा नियम आहे. नियम इष्टच आहे; प्रश्न आहे तो त्यातून काय साधते हा.

तपासणीच्या सकाळी गाडीला चांगले टायर चढतात, दिवे लागतात, परावर्तक पट्ट्या चकाकतात. महिन्याभराने त्यांतले काय उरेल, याची हमी कोणी देत नाही. याला मालकाची अप्रामाणिकता म्हणून मोकळे होणे सोपे आहे. वस्तुतः तो एक सरळ हिशेब आहे. दुरुस्तीचा खर्च आणि त्या दिवशी बुडालेले भाडे मालकाच्या खिशातून जाते. ब्रेक निकामी झाल्याची किंमत मात्र बव्हंशी पादचारी, सायकलस्वार आणि पगारी चालक मोजतो. विमाही हा हिशेब बदलत नाही, कारण मालवाहू वाहनाच्या तृतीय पक्ष विम्याचा हप्ता त्याच्या वजनावरून ठरतो, ब्रेकच्या अवस्थेवरून नव्हे.

सुधारणा झाल्या नाहीत असे नाही. ब्रेकच्या चाचणीसाठी २५० मीटर लांबीचा मार्ग असलाच पाहिजे, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये बजावले. २०२१ मध्ये केंद्राने स्वयंचलित तपासणी केंद्रांचे नियम केले आणि तपासणाऱ्याने दुरुस्तीचा वा सुट्या भागांचा धंदा करू नये, हे योग्य बंधनही घातले. तथापि यंत्रदेखील गाडी एकच दिवस पाहते. शिवाय गाडी झिजते ती वयाने कमी आणि धावण्याने अधिक. मुंबई-नाशिक रोज फेऱ्या मारणारा टेम्पो आणि आठवडी बाजारापुरता निघणारा टेम्पो यांना एकच मुदत लावण्यात कोणता न्याय आहे?

केवळ दंड वाढवून हे साधणार नाही. मुदत टळल्यास दररोज ५० रुपये जादा आकारण्याच्या नियमाविरुद्ध रिक्षा-टेम्पोचालक २०२४ मध्ये उभे राहिले आणि राज्य शासनाला त्या वसुलीस स्थगिती द्यावी लागली. कर्जाचे हप्ते फेडणाऱ्या चालक-मालकापाशी दुरुस्तीचे भांडवलच नसेल, तर दंडाने त्याचे ब्रेक सुधारत नाहीत.

म्हणून तीन गोष्टी आवश्यक आहेत. तपासणीची मुदत वयाबरोबरच धावलेल्या किलोमीटरांवरही ठरावी. दुरुस्तीसाठी सहकारी पतसंस्थांमार्फत अल्प मुदतीचे कर्ज मिळावे. आणि आढळलेले दोष जाहीर व्हावेत. ब्रिटनमध्ये १९६० साली सुरू झालेल्या ‘एमओटी’ तपासणीत एखादी गाडी कशामुळे नापास झाली, हे आज नोंदणी क्रमांकावरून कोणालाही पाहता येते. अशी नोंद येथे खुली झाली, तर माल पाठविणारा व्यापारी गाडी पारखून ठरवील, विमा कंपनी हप्त्याचा फेरविचार करील आणि सुस्थितीतील गाडीला बाजारात भाव येईल. गाडी वर्षभर नीट ठेवणे मालकाला परवडू लागेल, तेव्हाच योग्यतेच्या कागदाला अर्थ येईल.