मुलाखतीआधी भिंतीवरचे बाबासाहेब का उतरवायचे?



नवघरमध्ये आम्ही पदवीधर मुलामुलींकडून नोकरीच्या मुलाखतींची तयारी करून घेतो. हल्ली त्यांच्यापैकी बरेच जण घरून करायच्या कन्सल्टंटच्या नोकऱ्यांसाठी ऑनलाईन मुलाखती देतात. भाईंदरहून लोकलचे धक्के खात जायला नको, कपडे न्याहाळणारे रिसेप्शन नको, फक्त काम बघतील, असे त्यांना वाटते. आम्हालाही तसेच वाटले होते.

प्रत्यक्षात काय घडते? एका मुलीने दिलेली केस व्यवस्थित सोडवली. मग प्रश्न आला, "घरी स्वतंत्र खोली आहे का?" वन रूम किचनमध्ये पाच माणसे राहतात, हे तिने खरे सांगितले. पुढचा प्रश्न, "वडील काय करतात?" वडील सफाई कामगार. "कळवतो" म्हणाले, कळवले नाही. दुसऱ्या एका मुलाचे आडनाव स्क्रीनवर दिसताच त्याला मूळ गाव विचारले, मग गावातली वस्ती. कन्सल्टंटच्या कामाशी वस्तीचा काय संबंध?

तिसरा अनुभव आम्हाला जास्त बोचतो. एका मुलाने मुलाखतीआधी भिंतीवरची बुद्ध आणि बाबासाहेबांची तसबीर उतरवली. आई बघत राहिली, बोलली काहीच नाही. "भिंत मोकळी ठेव, प्रोफेशनल दिसते," हा सल्ला आमचाच होता. नोकरी मिळाली नाहीच.

एका नकारावरून जात हेच कारण होते, असे आम्ही म्हणणार नाही. उत्तर चुकलेही असेल. पण सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांचा २००७ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास वाचा. खासगी कंपन्यांच्या ५४८ जाहिरातींना त्यांनी ४,८०८ अर्ज पाठवले. सारख्या पात्रतेच्या अर्जांत फरक फक्त नावाचा. पुढच्या टप्प्यासाठी बोलावणे येण्याची शक्यता सवर्ण नावाच्या तुलनेत दलित नावाला साधारण दोन तृतीयांश, तर मुस्लिम नावाला एक तृतीयांश निघाली. मेरिटचे ढोल वाजवणाऱ्यांनी या आकड्यांना उत्तर द्यावे!

आणि सल्लागाराच्या धंद्यातला हा अनुभव आपल्याला नवा कुठे आहे? कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकून आलेल्या बाबासाहेबांनी बडोद्याची नोकरी सुटल्यावर मुंबईत शेअर्सविषयी सल्ला देणारी पेढी काढली होती. सल्ला चांगला होता, लोक येतही होते. सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळले आणि गिऱ्हाईक तुटले. पेढी बंद झाली. ज्ञान तेच राहिले, जात कळताच त्याची किंमत शून्य झाली.

संविधानाचे कलम १६ सरकारी नोकऱ्यांपुरते आहे. सरकारी जागा कंत्राटात जात असताना आपली पिढी खासगी दारात उभी आहे आणि तिथे प्रतिनिधित्वाचा हक्क नाही. म्हणून खासगी क्षेत्रात आरक्षणाची मागणी सोडून चालणार नाही. तोपर्यंत किमान एवढे हवे: पहिली चाळणी नाव-आडनाव झाकून व्हावी, सर्व उमेदवारांना तेच प्रश्न विचारले जावेत, घर आणि बापाचा धंदा विचारायला बंदी असावी, नकाराचे कारण लेखी मिळावे.

आपल्याकडूनही काम हवे. विहारातली एक खोली चांगल्या इंटरनेटसह मुलाखतींसाठी खुली करा. मुलाखत संपताच विचारलेले प्रश्न तारखेसह लिहून ठेवा. एकट्याची तक्रार रडगाणे ठरवली जाते, शंभर जणांच्या नोंदी पुरावा होतात.

तसबिरीचे काय? पोटाचा प्रश्न आहे, म्हणून ती उतरवणाऱ्याला आम्ही दोष देणार नाही. पण आमचा सल्ला आम्ही मागे घेतला आहे. लपायची तयारी आता आम्ही कोणाकडून करून घेणार नाही.

जय भीम!