वृद्धांची शुगर उतरते तेव्हा



आमच्या जऊळक्यात (ता. मालेगाव, जि. वाशिम) सत्तरीपुढचे माणूस असंबद्ध बोलू लागले की घरचे ‘वय झाले’ म्हणून मोकळे होतात. शुगर उतरली असेल, ही शंका कुणालाच येत नाही. शुगर म्हणजे वाढलेलीच, हे डोक्यात पक्के बसलेले.

वाढलेली शुगर वर्षानुवर्षे राहिली तर मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्या बिघडतात, हे खरेच. ‘लॅन्सेट’ आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या १४ कारणांत मधुमेह धरला आहे. पण उतरलेली शुगर जास्त घाईची. ती ७० च्या खाली गेली की घाम सुटतो, हात थरथरतात. म्हाताऱ्या माणसात अनेकदा तेवढेही दिसत नाही, एकदम बरळणेच सुरू होते. ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड या गोळ्या पोट रिकामे असले तरी शुगर खाली ओढतात. आणि आपल्याकडे सोयाबीनच्या सोंगणीत दुपारची भाकर चारला, एकादशीला उपास, रमजानात रोजा. गोळी मात्र रोजच्या वेळी! शुगर दवाखान्यात न्यावे लागण्याइतकी उतरलेल्या वृद्धांत पुढे स्मृतिभ्रंश जास्त आढळला, असे कॅलिफोर्नियातल्या २००९ च्या अभ्यासात दिसले होते.

म्हणून आजोबांची शुगर तरुण पोराइतकी ‘कंट्रोल’मध्ये आणण्याचा हट्ट डॉक्टरांनीही धरू नये. अनेक आजार किंवा विसराळूपणा असलेल्या वृद्धांत तीन महिन्यांची सरासरी (एचबीएवनसी) ८ च्या आत असली तरी चालते, असे अमेरिकन डायबेटिस असोसिएशनही सांगते. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे घेणाऱ्यांचे बी-१२ही तपासावे. ते कमी पडले तरी विसर पडतो.

आशाताई तिशीपुढच्या लोकांचा जो अर्ज भरतात, त्यात साठीपुढच्यांना ‘जवळच्यांची नावे किंवा घरचा पत्ता विसरता का’ हा प्रश्न आहेच. उत्तर ‘हो’ आले तर त्याच दिवशी बोटातून शुगर मोजावी, गोळ्यांची पुडी उघडून पाहावी. त्याला नवी योजना कशाला हवी? ग्लुकोमीटरच्या पट्ट्या संपू देऊ नका, एवढे पुरे. आषाढी आणि रमजानच्या आधी ज्येष्ठांच्या गोळ्यांची फेरतपासणी जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाने ठेवावी.

तोवर घरच्यांसाठी: मधुमेही म्हातारे माणूस अचानक गोंधळले, पण शुद्धीवर असून गिळू शकत असेल, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, पंधरा मिनिटांनी शुगर पुन्हा मोजा. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ ला फोन करा.

— एक वाचक, जऊळका