तुझं नाव देऊ का?

शुक्रवारची दुपार. चारचा चहा नुकताच झाला होता. एचआरमधून फोन आला, "दोन मिनिटं मीटिंग रूममध्ये येतोस का?" आत टेबलावर पाण्याची बाटली आणि टिश्यूचा खोका ठेवलेला. खरं तर तो खोका बघूनच ट्यूब पेटायला हवी होती.

क्लायंटने प्रोजेक्ट काढून घेतलं होतं. टीममधले सात जण कमी करायचे होते. सातांत मी. "तू स्वतः राजीनामा दिलास तर पेपर्स क्लीन राहतील," एचआरची मॅडम म्हणाली. मी दहा मिनिटांत सही करून मोकळा! विचार करायला एक दिवस द्या, एवढं म्हणायचंसुद्धा सुचलं नाही. पाच वाजता हिंजवडीच्या रस्त्यावर उभा होतो. ट्रॅफिक नेहमीसारखाच तुंबलेला. फरक एवढाच, की मला कुठे पोचायची घाई नव्हती.

घरी सांगायचं कसं? आमच्या बाबांनी एकाच बँकेत ३४ वर्षं काढली. त्यांच्या हिशेबात नोकरी 'जाते' ती फक्त काहीतरी लफडं केलेल्या माणसाची. म्हणून मी सांगितलंच नाही. सोमवारी आईने भरलेला डबा घेतला आणि नेहमीच्या वेळेला बाहेर पडलो. सकाळी कर्वे रोडवरचा कॅफे, दुपारी कमला नेहरू पार्कचा बाक. असे तब्बल अकरा दिवस.

या अकरा दिवसांत पहिला इंटरव्ह्यू आला आणि तिथेही मी तोच फंडा वापरला. दडपून खोटं! "सध्याची नोकरी का सोडताय?" "बेटर प्रॉस्पेक्ट्स." "नोटीस पीरियड?" "दोन महिने, पण निगोशिएबल." सॉलिड जमलं असं वाटलं. रेफरन्स म्हणून थेट व्हाइस प्रेसिडेंटचं नाव दिलं. का? तर पद मोठं! साहेबांना मी चार वर्षांत चारदा भेटलो असेन, त्यातले दोनदा लिफ्टमध्ये.

पुढे काय झालं ते तुमच्या लक्षात आलंच असेल. कंपनीने पीएफचं पासबुक मागितलं. त्यात कोणत्या कंपनीने कोणत्या महिन्यात किती भरले, सगळं महिनावार असतं. आणि जुन्या कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख भरली, की ती यूएएनवर दिसते. माझी भरलेली होती. साहेबांना फोन गेला तेव्हा त्यांनी विचारलं म्हणे, "हा कोणत्या टीममध्ये होता?" ऑफर आली नाहीच, वर एक मेल आली. माहितीत तफावत आढळली, सबब प्रक्रिया थांबवत आहोत. मंडळी, नोकरी गेली तेव्हा रडलो नव्हतो. त्या मेलवर बाकावर बसून रडलो. कारण पहिल्या वेळी माझी काहीच चूक नव्हती. या वेळी सगळी माझीच होती.

त्या संध्याकाळी दोन गोष्टी केल्या. एक, बाबांना सांगितलं. ते थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "डबा बागेत खात होतास? ऊन किती आहे!" बस्स, एवढंच. दोन, माझ्या जुन्या टीम लीडला फोन लावला. म्हटलं, "रेफरन्ससाठी तुझं नाव देऊ का?"

हा प्रश्न मी आधी कोणालाच विचारला नव्हता. तिचं उत्तर ऐका. "दे. पण कंपनीच्या मेलवरून मी काही लिहून देणार नाही. तिथे फक्त एचआर बोलतं, तेसुद्धा तारखा आणि हुद्दा एवढंच. माझा पर्सनल नंबर दे. तू कशामुळे गेलास ते खरं सांगेन, काम चांगलं होतं हेही सांगेन. पण वीक पॉइंट विचारला तर डेडलाइन ताणतोस हे लपवणार नाही. चालेल?"

चालेल काय! घशात आवंढा आला, पण म्हटलं चालेल.

पुढच्या इंटरव्ह्यूला तोच प्रश्न. मी तीन वाक्यांत उत्तर दिलं. "क्लायंटने प्रोजेक्ट बंद केलं, सात जण कमी केले, त्यात मी होतो. चार वर्षं पेमेंट्सचं टेस्टिंग केलंय. आता तेच मोठ्या स्केलवर करायचंय." समोरच्याने मान डोलावली आणि पुढचा प्रश्न विचारला. इतकंच! ज्या वाक्यासाठी मी अकरा दिवस बागेत लपलो होतो, त्यावर त्याने भुवईसुद्धा उंचावली नाही. वीक पॉइंट विचारल्यावर डेडलाइनचंही मीच सांगून टाकलं. दोन दिवसांनी त्यांनी टीम लीडला फोन केला, तर तिनेही तेच सांगितलं. दोन माणसं एकच गोष्ट सांगत असली की ऐकणाऱ्याचा विश्वास बसतो.

तुमच्यावर अशी वेळ येऊ नये. पण आलीच, तर सही करण्यापूर्वी वेळ मागा. रिलीव्हिंग लेटर, एक्स्पीरियन्स लेटर आणि फुल अँड फायनल कधी मिळणार, ते मेलवर लिहून घ्या. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेनुसार, काढलेल्या किंवा राजीनामा दिलेल्या माणसाचा थकलेला पगार दोन कामाच्या दिवसांत द्यायचा असतो. हे माहीत असलं की बोलताना आवाज जरा वेगळा निघतो. लॉगिन बंद व्हायच्या आत सहकाऱ्यांचे पर्सनल नंबर घेऊन ठेवा (फक्त नंबर हं, कंपनीच्या फाइल्स नाही!). आणि रेफरन्स म्हणून पदाने मोठा माणूस शोधू नका. ज्याने तुमचं काम जवळून बघितलंय, रात्री अकरा वाजता तुमच्याबरोबर बग शोधलाय, तो शोधा. त्याला आधी विचारा. इंटरव्ह्यूमध्ये तुम्ही काय सांगणार आहात तेही कळवा.

मला ऑफर आली त्या दिवशी बाबांनी पहिला प्रश्न पगाराचा विचारला नाही. म्हणाले, "त्या तुझ्या टीम लीडला पेढे दिलेस का?" रविवारी पाव किलो पेढे घेऊन तिच्या घरी गेलो. तिने एक तोंडात टाकला आणि म्हणाली, "आता डेडलाइन पाळ रे बाबा. माझं नाव दिलंयस तू!"