चिरुटाचा कमरपट्टा

चिरूट ओढणाऱ्याला आपल्याकडे दोन तऱ्हेची माणसे भेटतात. एक, नाकाला पदर किंवा रुमाल लावून दुसऱ्या खोलीत निघून जाणारी. त्यांच्याशी माझे भांडण नाही. त्यांचे बरोबरच आहे. दुसरी माणसे जवळ येतात, पण धुराचा वास घेत नाहीत. ती वाकून चिरुटाच्या कमरेकडे बघतात. तिथे सोनेरी कागदाची पट्टी असली आणि तिच्यावर हवानाचे नाव असले, की "वा! काय सुगंध आहे!" म्हणून माना डोलावतात. पट्टी नसली तर "देशी वाटतं?" एवढेच विचारून खुर्ची मागे सरकवतात. माझे भांडण आहे ते या दुसऱ्या मंडळींशी. सणासुदीला भांडण नको असे म्हणतात खरे, पण चार स्नेही एकत्र जमून गच्चीवर नवा चिरूट पेटवतात तेही सणासुदीलाच. तेव्हा याहून चांगला मुहूर्त मला सापडायचा नाही.

पुण्यामुंबईच्या सुखवस्तू घरांतून हा शौक हल्ली रुजलेला दिसतो. कोणाचा तरी मेहुणा परदेशाहून येतो, चार अनोळखी चिरूट आणतो, आणि जेवणे आटोपल्यावर त्यांची परीक्षा सुरू होते. ही परीक्षा ऐकण्यासारखी असते. पहिले दोन झुरके झाले न झाले तोच एकजण डोळे मिटून म्हणतो, "चामडं. सीडर. मागाहून थोडा ओक." दुसरा म्हणतो, "शेवटी एस्प्रेसो येतो, बघा." तिसरा निकाल देतो, "१०० पैकी ९२." ओकचे झाड यांच्यापैकी कोणी हुंगलेले नसते. या प्रकाराला मूल्यमापन म्हणायला मी तयार नाही. हे पट्टीचे पारायण आहे.

आंब्याच्या बाबतीत हीच माणसे किती सावध असतात! पेटीवर 'देवगड हापूस' असे ठळक छापलेले असले तरी घरातली आजी एक फळ उचलते, देठाशी हुंगते, अंगठ्याने हलके दाबते आणि म्हणते, "हा कर्नाटकातला आहे, पैसे देऊ नकोस." २०१८ साली कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले; पण आजीच्या नाकाला त्याच्याही आधीपासून कोणाच्या मानांकनाची गरज नव्हती. मग चिरुटाच्या वेळी हे नाक कुठे जाते?

ते गेल्यामुळे काय होते, हे नकली माल विकणाऱ्याला विचारावे. क्युबाचा कोहिबा १९६६ साली फिडेल कॅस्ट्रोसाठी आणि सरकारी पाहुण्यांसाठी म्हणून सुरू झाला आणि १९८२ मध्ये बाजारात आला. आज जगात खऱ्याबरोबर खोट्या कोहिबांचाही सुकाळ आहे. काचेच्या झाकणाची कोहिबाची पेटी दिसली की ती नकली समजावी, हे जाणकारांना पाठ असते. पण ती पेटी घेऊन आलेले गृहस्थ प्रत्येक चिरूट ओढताना 'चामडं, सीडर, एस्प्रेसो' म्हणतातच; आणि ते खोटे बोलत असतात असेही नाही. त्यांना ती चव खरोखर लागते, कारण ती पट्टीतून येते.

आता हवानाभक्तांचा मुख्य मुद्दा घेऊ. ते म्हणतात, नाव म्हणजे नुसता कागद नव्हे, त्यामागे माती आहे, पिढ्यांचे हात आहेत. हे मला मान्य आहे. क्युबाच्या पश्चिमेला पिनार देल रिओ प्रांतात व्हुएल्ता आबाहो म्हणून मुलूख आहे. तिथल्या लालसर मातीत जे पान येते त्याची कीर्ती काही उगीच झालेली नाही. पण नावाचे पुढे काय झाले तेही पाहा. १९६० साली क्युबाच्या सरकारने चिरुटांचे कारखाने ताब्यात घेतले. जुने मालक आणि त्यांचे कारागीर देश सोडून गेले. जाताना हातातली कला घेऊन गेले, आणि क्युबाचे बीही बाहेर गेले. डोमिनिकन रिपब्लिक, होंडुरास, निकाराग्वा इथे नवी शेते उभी राहिली. परिणामी आज माँतेक्रिस्तो, पार्तागास, रोमिओ इ हुलिएता ही नावे क्युबातल्या चिरुटावरही असतात आणि डोमिनिकन चिरुटावरही असतात. नाव एक, माती दोन. मग तुमची पट्टी नेमक्या कोणत्या मातीची साक्ष देते?

(अमेरिकेने क्युबाशी व्यापार बंद केला तो फेब्रुवारी १९६२ मध्ये. केनेडींचे वृत्तसचिव पिएर सॅलिंजर यांनी पुढे सांगितले, की हुकमावर सही होण्यापूर्वी अध्यक्षांनी आपल्याकडून रातोरात १,२०० क्युबन चिरूट गोळा करवले, आणि पेटी हाती आल्यावरच सही केली. राजकारणातही माणूस आपल्या ओठांना विसरत नाही, एवढाच याचा अर्थ.)

आणि समजा, हवाना खरोखर सर्वश्रेष्ठ आहे. मग पट्टी काढली तरी तो जिंकेलच ना? १९७६ साली पॅरिसमध्ये फ्रेंच परीक्षकांनी बाटल्या झाकून मद्ये चाखली आणि आपल्याच हातांनी कॅलिफोर्नियाच्या मद्यांना पहिले क्रमांक देऊन बसले. फ्रान्सच्या द्राक्षमळ्यांचे त्यामुळे काही वाईट झाले नाही. झाकून चाखायला भितो तो माल नव्हे, भितो तो भक्त.

त्या १०० गुणांचीही गंमत आहे. 'सिगार अफिसिओनादो' नावाचे अमेरिकन मासिक १९९२ पासून चिरुटांना १०० पैकी गुण देत आले आहे. पण ते लोक परीक्षकाच्या हाती चिरूट देण्यापूर्वी त्याची ओळख झाकतात. आपल्या मंडळींनी त्यांचे गुण तेवढे उचलले. झाकणे मात्र तिथेच राहू दिले. मला तर आकड्याचाच कंटाळा आहे. ९१ आणि ९२ यांत काय फरक, हे सांगू शकेल असा मनुष्य मला अजून भेटायचा आहे.

डोळा किती फसवतो याचा आणखी एक दाखला चिरुटाच्या शरीरातच आहे. त्यात तीन थर असतात: मधला गाभा, गाभ्याला आवळून धरणारे पान आणि सर्वांत वर पांघरुणासारखे गुंडाळलेले एक देखणे पान. जोर बहुतेक गाभ्यावर ठरतो. झाडाच्या शेंड्याकडची पाने ऊन खाऊन जाड आणि तेलकट होतात, सावकाश जळतात, आणि धूर जड करतात. त्यांना तिकडे लिहेरो म्हणतात. बुडाकडची पाने पातळ आणि सौम्य, पण चटकन पेट घेणारी. गाभ्यात कोणती किती घातली, यावर सगळे अवलंबून. नवखा मनुष्य मात्र वरच्या पांघरुणाचा रंग बघतो आणि काळा चिरूट दिसला की "फार कडक असेल हो!" म्हणून मागे सरतो. वास्तविक काळा रंग बहुधा पान अधिक काळ थप्पीत मुरवल्यामुळे येतो, आणि अशा पानाला पुष्कळदा गोडसर चव असते. तिकडचा शब्दच 'मादुरो' आहे, म्हणजे पिकलेला. उलट फिकट, गोऱ्यागोमट्या चिरुटाच्या पोटात लिहेरो भरलेला असला, तर रिकाम्या पोटी ओढणाऱ्याला पंधरा मिनिटांत घाम फुटतो आणि घेरी येते.

आता त्या 'देशी वाटतं?'कडे वळतो. ज्या शब्दाने आपण ही वस्तू ओळखतो तो 'चिरूट' हा शब्दच देशी आहे. तमिळमध्ये 'सुरुट्टु' म्हणजे गुंडाळी. त्यावरून इंग्रजांनी आपला शब्द केला. तिरुचिरापल्लीचे आणि दिंडीगुलचे चिरूट एके काळी साहेब विलायतेत मागवून ओढत असे. १८८७ साली छापलेल्या पहिल्याच होम्सकथेत शेरलॉक होम्स खोलीत सांडलेली राख बघून सांगतो, की खुनी त्रिचनापल्लीचा चिरूट ओढत होता. पट्टी नाही, पेटी नाही, चिरूटसुद्धा नाही; नुसत्या राखेवरून! कादंबरीतला का होईना, पारखी असावा तर असा. आणि आपले लोक त्याच चिरुटाला न पेटवताच नापास करतात. दिंडीगुलचा चिरूट अप्रतिम आहे असे माझे म्हणणे नाही. तो बहुधा खरखरीत असतो, कधी वाकडा जळतो, आणि त्याची पहिली पाच मिनिटे कोणालाही आवडण्यासारखी नसतात. पण त्याला नाकारायचे तर ओढून नाकारावे.

याही बाबतीत जुना दाखला आहे आणि तो आपल्या दख्खनचा आहे. अकबराचा सरदार असद बेग विजापूरला वकिलीवर गेला होता. परतताना त्याने तंबाखू आणि नक्षीदार चिलीम आणली आणि १६०४-०५ च्या सुमारास बादशहापुढे ठेवली. हकीम आडवा आला: आमच्या ग्रंथांत ही वस्तू नाही, हिचे गुणदोष अज्ञात आहेत. ग्रंथात नाही एवढ्यावरून वस्तू टाकून द्यावी, हे बादशहाला पटले नाही. त्याने थोडी ओढून पाहिली. त्याला ती लागली नाही, दरबाऱ्यांना मात्र लागली. आणि १६१७ मध्ये जहांगिराने तिच्यावर बंदी घातली. त्यातला हकीम पुढे बरोबर ठरला, हे मी नाकारीत नाही. पण परीक्षा कशी करावी, हे त्या दिवशी बादशहाला कळले होते.

हकीम बरोबर ठरला म्हणालो, ते तिथेच सोडून चालणार नाही. "आम्ही धूर आत घेत नाही, नुसता तोंडात खेळवतो" असे चिरूटवाले अभिमानाने सांगतात. कर्करोगाला तोंडही पुरते. एका मोठ्या चिरुटात सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाइतकी तंबाखू असू शकते. १८६२ साली डोनेल्सनचा किल्ला घेतला म्हणून अमेरिकन जनतेने जनरल ग्रँट यांना हजारो चिरूट भेट पाठवले. १८८५ मध्ये ते घशाच्या कर्करोगाने गेले. फ्रॉइड यांना १९२३ मध्ये जबड्याचा कर्करोग निघाला. तीसहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या, आणि तरीही १९३९ मध्ये मरेपर्यंत त्यांचा चिरूट सुटला नाही. तेव्हा जो ओढत नाही त्याने हा लेख वाचून सुरुवात करावी, असे मी कधीही म्हणणार नाही. घरात मुले असताना दिवाणखान्यात तर नाहीच नाही.

पण माझा राग नेमका याचमुळे आहे. ज्या सुखासाठी मनुष्य स्वतःचा जबडा गहाण टाकतो, ते सुख तरी त्याचे स्वतःचे असावे की नाही? दुसऱ्याच्या तोंडची चव, दुसऱ्याच्या मासिकातले गुण आणि तिसऱ्याच्या कारखान्याची पट्टी यांसाठी इतकी किंमत मोजायची, हा कोणता शौक?

आमच्या मंडळींनी गेल्या हिवाळ्यात एक प्रयोग केला. चार माणसे, पाच जातींचे चिरूट. प्रत्येक जातीचे चार-चार नग, महिनाभर आधी आणून सीडरच्या पेटीत निवत ठेवलेले; कारण प्रवासातून आलेला चिरूट कधी ओला, कधी सुकून कडकडीत झालेला असतो, आणि लगेच ओढला तर आपण चिरुटाची नव्हे, टपालखात्याची परीक्षा करतो. (पेटीत हवेचा दमटपणा ६५ ते ७० टक्के ठेवावा. मुंबईच्या पावसाळ्यात तो आपोआप त्याच्या वर जातो आणि बुरशी धरते. उन्हाळ्यात तंबाखूचा किडा पानातून सुईएवढी भोके पाडून बाहेर येतो. या शौकाची ही बाजू कोणी गुणांत धरत नाही.) यजमानांच्या पत्नीने, आमच्या वहिनींनी, स्वयंपाकघरात बसून पट्ट्या काढल्या आणि प्रत्येक जातीला वेगळ्या रंगाचा दोरा बांधला. कोणत्या दोऱ्याखाली काय, हे फक्त त्यांना ठाऊक. दर रविवारी जेवणानंतर एकच रंग, आणि शेजाऱ्याशी बोलण्याआधी प्रत्येकाने आपापल्या वहीत लिहायचे. अटी दोन: आकडा नको, आणि स्वतः न हुंगलेल्या वस्तूचे नाव नको.

ओक आणि मेपल बंद झाल्याबरोबर पहिल्या रविवारी सगळे मुके झाले. दुसऱ्या रविवारी तोंडे उघडली. एकाने लिहिले, 'भाजलेले चणे, मग जायफळ उगाळलेली सहाण.' दुसऱ्याने, 'आजोळच्या माळ्यावरची गवताची गंजी, पाऊस पडून गेल्यावरची.' एका चिरुटाबद्दल तिघांनी न ठरवता 'गुरांचा गोठा' लिहिले, आणि तिघांपैकी दोघांनी ते स्तुती म्हणून लिहिले होते. नीट न मुरलेल्या पानाला अमोनियाचा तिखट वास येतो, तोच तो असावा. पण 'गोठा' या शब्दाइतकी खरी माहिती मला आजवर कुठल्या आकड्याने दिलेली नाही.

पाचव्या रविवारी वहिनींनी यादी वाचली. निकाराग्वाचा चिरूट तिघांना सर्वांत आवडला होता. हवाना मधेच कुठेतरी होता. आमच्यातल्या निस्सीम हवानाभक्ताने हिरव्या दोऱ्याला शपथेवर हवाना ठरवले होते; तो होंडुरासचा निघाला. खऱ्या हवानापुढे त्याने लिहिले होते, 'बरा आहे, ओळखीचा वाटत नाही.' दिंडीगुलच्या चिरुटाला दोघांनी तळाशी टाकले, मी मधे, आणि हवानाभक्ताने दुसऱ्या क्रमांकावर. आता ते दिंडीगुलहून मागवतात, आणि पाहुण्यांसमोर मात्र अजून हवानाच काढतात.

काढलेल्या पट्ट्या वहिनींनी डब्यात जपून ठेवल्या होत्या. सोनेरी कागद चांगला जाड असतो. यंदा त्यांनी त्या आकाशकंदिलाच्या कडेला चिकटवल्या आहेत. रस्त्यावरून कोहिबा वाचता येतो.